सतराव्या प्रकरणातला दरवाजा

तिसऱ्या खंडात, सतराव्या प्रकरणाच्या शेवटी
म्हातारा ऑर्व्हन समुद्रदरवाजा आतून उघडतो.
बस्. एवढं एकच वाक्य.
मग किल्ला पडतो, राणी मरते, दोनशे पानं रक्त वाहतं,
आणि चौथ्या खंडात हाच ऑर्व्हन
कैद्यांना पेज वाढताना दिसतो.
त्याला कोणीच विचारत नाही, का रे बाबा?

विचारतो ते आम्ही.
ग्रिम्सबीच्या लायब्ररीत, दर गुरुवारी साडेसहाला,
वरच्या खोलीत, जिथला हीटर एकाच बाजूने तापतो.
लेखिका वारली. पाचवा खंड तिच्यासोबत गेला.
तेव्हापासून आमचं बरं चाललंय.

कॅलम म्हणतो, तो ऑर्व्हन नव्हताच, जुळा भाऊ होता:
दुसऱ्या खंडात डावखुरा आहे,
इथे अडसर उजव्या हाताने काढतो.
प्रिसिलाकडे चाव्यांचा तक्ता आहे.
सात चाव्या, सहांचा हिशोब लागतो,
सातवी तीन वर्षं लाल वर्तुळात बसून आहे.
नॉर्मनच्या मते त्याची मुलगी बाहेर होती, शत्रूच्या छावणीत.
कुठली मुलगी?
असणारच ना एखादी.
नॉर्मनची स्वतःची मुलगी पर्थला असते.
आम्ही तो विषय वाढवत नाही.

मी म्हणाले, आमच्यात म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्लं.
सगळ्यांनी माना डोलावल्या, कॅलमने वहीत टिपून घेतलं.
प्रिसिलाने विचारलं,
पण कुंपणाला भूक का लागली?
याचं उत्तर माझ्या भाषेतही नव्हतं.

मग फेब्रुवारीत विल्फ थोरल्बी आला.
चौऱ्याऐंशीचा, एका कानाने बहिरा,
एकतीस वर्षं गोदीच्या फाटकावर काढलेला.
चार खंडांतलं फक्त सोळावं-सतरावं वाचून आलेला.
कॅलमला हे आवडलं नाही.

चंद्र कसा आहे सोळाव्यात? त्याने विचारलं.
पूर्ण, प्रिसिला म्हणाली, पान तीनशे एक्क्याण्णव.
मग उधाणाची भरती.
पाणी दोन्हीकडे एका पातळीला आलं की फाटक उघडायचं.
तुम्ही नाही उघडलं तर ते उघडतं,
आणि मग बिजागऱ्या उरत नाहीत.
अहो पण युद्ध चालू होतं!
ते भरतीला कोण सांगणार?

हीटर तेवढा टिकटिकत राहिला.
प्रिसिलाने तक्त्याची घडी घातली, परत उघडली.
म्हणजे, नॉर्मन हळूच म्हणाला,
मुलगी नव्हतीच?
विल्फने चांगला कान त्याच्याकडे वळवला.
असेलही, म्हणाला. भरतीला येतात लोक.

त्या रात्री गोदीच्या कडेने घरी चालत जाताना
मला मावशी आठवली.
मिरजेला, ऐन थंडीत, एका रात्री कडी काढून ती निघून गेली
आणि पहाटे येऊन सगळ्यांसाठी भाकऱ्या थापू लागली.
कोणी विचारलं नाही.
आमच्या घरात पुढचे सगळे खंड अळीमिळी गुपचिळी.
मी नऊ वर्षांची होते, दाराच्या फटीतून पाहिलं होतं.
माझ्याकडे तिच्याबद्दल अकरा तर्क आहेत.
विल्फचा तिथे चालणार नाही,
मिरजेला समुद्र नाही.

लायब्ररीच्या प्रतीत त्या वाक्याशेजारी
कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, का?
खाली वेगळ्या अक्षरात, थकला होता.
त्याखाली तिसऱ्याच कोणाचं, दाबून,
मूर्खा, परत वाच.

मी परत वाचलं.
ऑर्व्हन आधी हात पुसतो.
हात पुसून मग अडसर काढतो.
इतकी वर्षं आम्ही सगळे ते दोन शब्द
गिळून पुढे जात होतो.

कशाचे हात? कणकेचे? माशांचे? ओले?
पेन्सिल पर्समध्ये होती. काढली नाही.
आज शुक्रवार.
अजून सहा दिवस मी हे कोणाला सांगणार नाही.