साठच्या पुढं

कुंभारी ओलांडली, काटा साठवर गेला
की गाडीच्या पोटात कुणीतरी जातं ओढायला लागतं.
पन्नासला नाही. पंचावन्नला नुसतं खाकरल्यासारखं.
साठला घर्र घर्र, ते थेट वळसंगपर्यंत,
आणि शाळेच्या फाटकात शिरताना एकदम गप्प,
तपासणीला साहेब आल्यावर पोरं बसतात तसं.

नवरा म्हणाला, टायर.
टायरवाला म्हणाला, अलाइनमेंट.
अलाइनमेंटवाल्यानं चारशे घेतले आणि म्हणाला,
मॅडम, काचा वर करा, गाणी लावा.
लावली. गाण्याखालून घर्र.

शेवटी अशोक चौकामागच्या बोळात
मल्लेशम कोंड्याल.
बावीस वर्षं पॉवरलूमवर काढलेली,
कान तिथंच ठेवून आले, असं लोक सांगतात.
मी थबकलेच. आवाज दाखवायचा,
तो यांना?

"चला, रोडवर घ्या," म्हणाले, शेजारी बसले.
काही विचारलं तर ओठांकडं बघतात,
म्हणून गाडी चालवताना काही विचारता येईना.
पंजा उघडला: ॲक्सिलेटर सोड.
घर्र तसंच.
मूठ वळली: क्लच दाब, न्यूट्रल कर.
इंजिन खाली बसलं. घर्र तसंच.
"इंजिनची काय चूक न्हाई ह्यात,"
जणू कुणाला जामीन मिळाला.
सिमेंटवरून जुन्या डांबरावर उतरलो;
टायर असता तर सूर बदलला असता.
मग त्यांनी चप्पल काढली, मॅट सरकवलं,
अनवाणी पाय पत्र्यावर टेकवला
आणि डोळे मिटले.

उजवीकडं घे, हलकं. वाढलं.
डावीकडं. विरलं, जवळजवळ थांबलं.
त्यांनी स्वतःच्या डाव्या गुडघ्यावर चापट मारली:
"हितं."

जॅक लावला. चाक हातानं फिरवलं,
दुसरा हात स्प्रिंगवर, नाडीवर ठेवतात तसा.
"ये, तू बी बघ."
बोटांखाली ज्वारी सरकत होती, बारीक, खरबरीत,
आणि मला आमची भवानी पेठेतली खोली आठवली,
कारखान्याला लागून असलेली भिंत,
भिंतीला लागून माझी खाट.
पाढे मी त्या थरथरीवर पाठ केले.
रात्री लाईट गेली की अख्खा बोळ जागा व्हायचा,
आवाज थांबला म्हणून.

बेअरिंग काढायला प्रेसवर न्यावं लागलं.
तोवर चहा. दारात त्यांची सून
सुपात विड्यांची पानं कातरत होती,
सासऱ्याशी फक्त बोटांनी बोलत होती, फार भराभर,
आणि दोघं कशाला तरी हसले. बहुतेक मला.

"किती दिस झाले वाजायलंय?"
पंधरा, मी म्हणाले.
त्यांनी बेअरिंग उजेडात धरलं.
ग्रीस राखेसारखं, गोळ्यांवर गंजाचे खळगे.
"पाणी शिरलंय. सहा महिने."
मग माझ्या ओठांकडं बघत बसले,
मी काही म्हणते का ते पाहत.

सोळाशे पन्नास. जुनं बेअरिंग कागदात गुंडाळून दिलं.
ट्रायलला चला म्हटलं तर आले नाहीत.
"तूच ऐक आता."

साठ. सत्तर. नाही.
आता डॅशबोर्डच्या कप्प्यात
शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण वाजतं,
मागच्या पट्ट्याचं बक्कल वाजतं,
हे सगळं केव्हापासून होतं कोण जाणे.

सातवी ब ला घर्षण शिकवताना
ते बेअरिंग बाकाबाकांवरून फिरवलं.
पोरांनी गरागरा फिरवलं, हात काळे केले.
तिसऱ्या बाकावरच्या श्रीलता गुर्रमनं मात्र
ते हनुवटीला लावून सावकाश फिरवलं.
"मॅडम, हे आमच्या भिंतीत आहे."

तास संपायला चार मिनिटं होती.