रविवार धरून

खोक्यावर लिहिलं होतं : जिवंत आहे, उलटा धरू नका.
आत बर्फाची थैली, वर्तमानपत्राच्या घड्या,
आणि पाण्याने तट्ट फुगलेल्या दोन पिशव्या.
प्रत्येकीत एकेक समुद्रघोडा
प्लॅस्टिकच्या जाळीला शेपटीचा वेढा घालून,
बोटीला नवखा माणूस कठडा धरतो तसा.
सोबत दाखला : जन्म टाकीत. आईबाप टाकीतले.
त्यांचेही आईबाप टाकीतले.
गोठवलेली कोळंबी खातात.

माझ्या स्वयंपाकघरातून बासची सामुद्रधुनी दिसते.
टाकी खिडकीशी ठेवली त्यात हेतू काही नव्हता.
सॉकेट तिथंच होतं.

बत्तीस वर्षं मी बर्नीच्या कागदगिरणीत रात्रपाळी केली.
पोटासाठी.
आणि ह्यांना पोटच नाही!
पैदास केंद्रावरची ब्रॉनविन फोनवर म्हणाली,
जठर नसतं त्यांना, खाल्लेलं थांबत नाही आत,
दिवसातून तीनदा घाल. रविवार धरून.

नराचं नाव ठेवलं फोरमन,
आमच्या फोरमनसारखीच पुढे आलेली ढेरी, तीच मान.
मादीला नाव सुचेना. तशीच राहिली.
शिंपल्यात कोळंबी टाकली की दोघं येतात,
टिच्‌.
बोट मोडल्यासारखा आवाज, आणि शिंपला रिकामा.

आयला पर्थहून विचारते, कुत्रा का नाही घेतलास?
कुत्रा दाराशी वाट बघतो, म्हणालो.
ती गप्प झाली. मीही.

सकाळी दिवा लावला की मादी त्याच्याकडे जाते.
दोघं उजळतात, फिकट पिवळी होतात,
एकाच गवताच्या काडीला शेपट्या लावून
गोल फिरतात. मग आपापल्या कोपऱ्यात.
डोरीन आणि मी असेच दारात भेटायचो.
ती बेकरीत निघालेली, मी गिरणीतून आलेलो,
तिच्या कोटाला कालच्या पावाचा वास, माझ्या कोटाला गंधकाचा.
किटली गरम आहे, एवढंच बोलायची.

ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा सुटला आणि अकराला वीज गेली.
बॅटरीवरचा पंप दोनपर्यंत कण्हला.
मग मी डोरीनचा कान तुटलेला मग घेतला,
पाणी उचलायचं, वरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं.
कोपरापर्यंत हात बधिर. पाळी कुणी बदलायला येणार नव्हतं.

चारच्या सुमाराला फोरमन कमरेत वाकला.
सरळ झाला. पुन्हा वाकला.
टॉर्च धरला तर त्याच्या पिशवीतून धूर निघत होता,
धूर कसला, पोरं!
पोट नसलेला गडी पोटुशी होता,
आणि मी महिनाभर त्याला खादाड म्हणत होतो.

इतका कोरा कागद केला मी,
त्यावर कुणी काय लिहिलं ते कधी कळलं नाही.
आता हे शेकडो स्वल्पविराम,
आगेमागे शब्द नाहीत,
धरायला काही शोधत पाण्यात उभे.
एकमेकांच्या शेपट्या धरत होते.
एकाने माझ्या मनगटावरचा केस धरला.
मी हात हलवला नाही. मग डाव्या हातात घेतला.

सहा चाळीसला फ्रिज थरथरला, वीज आली,
पंप सुरू होणार तेवढ्यात उठलो,
कपाटातला तिचा पायमोजा काढून
त्याच्या तोंडावर चढवला.
पाच वर्षं त्या खणाला हात लावला नव्हता.

किती आहेत? ब्रॉनविनने विचारलं.
मोजतोय, म्हणालो. तीन आठवडे तेच म्हणत राहिलो,
आकडा रोज उतरत गेला.
अकरावर थांबला.
अकरा म्हणजे पुष्कळ, ती म्हणाली,
पहिल्याच खेपेला, तेही घरात.

त्यातला एक थर्मामीटरची वायर सोडत नाही.
बाकीचे गवतात, हा वायरवर.
सकाळी चष्मा लावायच्या आधी
मी तिथंच बघतो.