मात्रा

रॉडेलचा व्हिसा संपला. जाताना त्याने माझ्या हवाली केलं
एक प्रेशर कुकर, एक इस्त्री,
आणि टॉवेलात गुंडाळलेली
एक डोळा मिटलेली मांजर.
"नाव कलामान्सी." त्यांच्याकडचं लिंबू, गोटीएवढं.
मला त्यातलं मागचंच पेललं: मानसी.
गुहागरहून सुमेधाने फोनवर विचारलं,
ही मानसी कोण?
मी जरा जास्तच वेळ हसलो.

सोबत पांढरी डबी. लायसिन.
झाकणावर मार्करने रॉडेलचं अक्षर:
सकाळी अर्धा चमचा, रात्री अर्धा, ट्यूनात कालवून.
अर्धाच्या खाली दोन रेघा.

मात्रा मला कळते. बारा वर्षं तेच करतोय.
बरक्याच्या प्लांटवर समुद्र पाइपातून आत येतो,
त्यात काय, किती सोडायचं
त्या कागदावर माझी सही असते.
दहा लाख भागांत दोन. कधी अडीच.
गोडं पाणी गावाला, आणि मीठ
परत समुद्राला, होतं त्याहून खारट.

तर मी पहाटे शिफ्टवरून येऊन
बूट न काढता चमचा सपाट करायचो सुरीच्या पाठीने.
ती पलंगाखालून बघायची
एका डोळ्याने, सुपरवायझरसारखी.
ट्यूना चाटायची, पावडरीचा किनारा ठेवायची.
बशीत उरायची पांढरी चंद्रकोर.
मग शिंक. मग तीन शिंका.

डॉक्टर इल्हाम ओम्दुर्मानच्या.
डोळ्यात हिरवा थेंब टाकून
निळ्या दिव्यात बघत म्हणाल्या,
"हा विषाणू जायचा नाही. मज्जातंतूच्या गाठीत निजतो.
घर बदललं, माणूस गेला, की उठतो."
माझ्याही ओठाच्या कोपऱ्यात उठतो
दर वर्षी, रजा मंजूर व्हायच्या आठवड्यात.
आई म्हणायची, जर मुतला.
मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही.
कसं सांगणार, आणि कुठल्या भाषेत.

"आणि ही पावडर?"
"एका अमिनो आम्लाला दुसऱ्याच्या वाटेत उभं करायचं, एवढीच कल्पना.
काचेच्या बशीत जमतं.
मांजरीत जमल्याचं कुणाला धड दिसलं नाही.
तिच्यामुळे जेवण टाकत असेल, तर आजच बंद."
"मग तुमच्या फडताळावर सहा डब्या?"
"लोक विचारतात."
तीन रियाल, आठशे बैसा. स्टिकर मी वाचला होता.

मलमाची नळी दिली, डोळ्यात घालायला.
एसीचा झोत वळवा, म्हणाल्या. कोमट पाण्याने डोळा पुसा.
खाणं गरम करून द्या, वास आला पाहिजे.
आणि काही दिवस काही बदलू नका.
हे शेवटचं मी दोनदा ऐकलं.

रॉडेलची खुर्ची होती तिथेच ठेवली.
सुक बाजारातून बांगडा आणला, उकडला,
काटे काढता काढता बोटांना गावचा वास.
रोज कापसाचे दोन बोळे. डबी बंद.

पंधराव्या दिवशी डोळा उघडला.
आतून पिवळा निघाला, हिरवा नव्हे,
मी उगाच हिरवा धरून चाललो होतो.
कुणाची मात्रा लागू पडली?
मलमाची, बांगड्याची, की नुसत्या पंधरा दिवसांची?
प्लांटवर असतं तर तीन नमुने घेतले असते
तीन बाटल्यांत, तारीख घालून.
इथे एकच बाटली, आणि ती माझ्या उशीवर झोपलेली.

काल रात्री मनिलाहून निरोप: पावडर चालू आहे ना?
डबी खिडकीत होती, निम्मी भरलेली.
झाकण फिरवलं. त्या कटकन आवाजाला
ती धावत आली, शेपटी उभी,
बशी असते त्या जागी येऊन बसली.
मी लिहिलं, चालू आहे.
ती शिंकली, थेट स्क्रीनवर.
मी बाहीने पुसलं, आणि मग पाठवलं.