पुढील भेट

माझ्या रजिस्टरमध्ये एकेचाळीस नावं आहेत.
सव्विसावं प्रफुल्ल नथ्थूजी धकाते, वय चौतीस,
राहणार पाचपावली, हातमागाच्या गल्लीत,
जिथे आता दोनच माग उरलेत
आणि त्यातला एक कपडे वाळत घालायला.

बौद्धिक अक्षमता, पंच्याहत्तर टक्के,
असं कार्ड म्हणतं.
कार्डावर मावलं नाही ते :
सगळ्या बसचे नंबर,
शेजारच्या चार घरांतल्या कुकरच्या शिट्ट्या,
गल्लीत कोण कोणत्या वारी गेलं.

माझं काम सांगायला अवघड आहे.
डॉक्टर नाही मी, शिक्षिका नाही, साहेब तर नाहीच.
या खिडकीचं त्या खिडकीला सांगते.
मेडिकलचा कागद कलेक्टर ऑफिसला,
तिथला बँकेला,
बँकेचं म्हणणं पुन्हा वेणूबाईंना, त्यांच्या बोलीत.
वेणूबाई गप्प राहिल्या
तर ते कोणत्या रकान्यात भरायचं
हे मात्र कुठल्याच खिडकीला माहीत नसतं.

फेब्रुवारीत पालकत्वाच्या कागदासाठी गेलो तिघं.
मशीनवर वेणूबाईंचा अंगठा उमटेना.
पुसला, ओला केला, पदराला घासला, पुन्हा ठेवला.
चाळीस वर्षं कांड्या भरल्या त्यांनी,
सूत रोज एखादी रेघ घेऊन गेलं असणार.
"काऊन जी, मी तं आहो न इथंच?"
ऑपरेटर तरी काय करणार.
मग कुणी न सांगता
प्रफुल्लने आपला अंगठा ठेवला.
हिरवा दिवा.
त्याने टाळी मागितली. ऑपरेटरने दिली.

ज्याला सांभाळायचं त्याची ओळख पटली,
सांभाळणारीची पटली नाही,
असं मी अहवालात लिहिलं.
वरून फोन आला : मॅडम, असं लिहीत नसतात.

निघताना फॉर्मवर लिहिते : पुढील भेट, मंगळवार.
प्रफुल्लला तारीख लागत नाही, वार पुरतो.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी
सिव्हिल लाइन्सला मीटिंग निघाली, एसीत.
विषय : समन्वय.
फोन करायचा राहून गेला.
राहून गेला कसला, विसरले.

बुधवारी वेणूबाई दारातच.
"काल दिवसभर चौकात उभा होता जी,
दुपट्टा बांधून, फाइल छातीशी धरून.
जेवाले बी नाही आला.
म्हणे, ताई येऊन राहिली."

शेहेचाळीस अंश होतं काल.
पानठेल्यावरच्या रज्जूने स्टूल दिलं, तो बसला नाही.
समोरच्या मेसवाल्या नलूताईंनी ताक पाजलं.
ई-रिक्षावाला इस्राईल तीन फेऱ्यांत तीनदा थांबला,
चौथ्यांदा त्याला घेऊनच आला, पैसे न घेता.
यांतलं एकही नाव माझ्या रजिस्टरात नाही.
रकाना नाही तसा.
समासात लिहून ठेवलीत, पेन्सिलने.

प्रफुल्ल कूलरकडे तोंड करून बसलेला.
खसच्या पट्ट्या मोजत असावा.
मी नाव घेतलं. पट्ट्या मोजणं चालूच.
बऱ्याच वेळाने म्हणाला, "आज बुधवार."
हो, म्हटलं.
"बुधवार," त्याने पुन्हा सांगितलं,
मला नीट कळलं नसावं अशा समजुतीने.

मग हात पुढे. पेन.
पुढील भेटच्या रकान्यात
एक उभी रेघ काढली, वर छोटा गोल,
बाजूला चौकोन. फाइल असेल.
हा तू का, विचारलं.
मान हलवली, नाही.
"तू," म्हणाला.
"मंगळवारी तू उभी राहा."