हिरवं बोट

हॉर्नकॅसलच्या बाहेर, बीट काढून झालेल्या रानात
क्लिफर्ड ब्रॉकल्स्बी पुढे, मी मागे.
तो बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त,
मी तेवढीच वर्षं कवळ्या घडवून.
धातूंशी माझी ओळख माणसांच्या तोंडातून झाली,
त्याची मातीतून.

आवाजाचं काय सांगू.
खिळा कुरकुरतो.
डब्याचं झाकण लबाड, उगाच गोड बोलतं.
आणि चांदी वाजते
बंदा रुपया फरशीवर टाकावा तशी.
पण पितळही कधीकधी तोच सूर लावतं,
म्हणून क्लिफर्डचा कानावर विश्वास नाही.
तो गुडघा टेकतो, ढेकूळ फोडतो,
आणि पुसत नाही. पुसलं की पुरावा गेला.
"काळं असेल तर थांब," सांगतो,
"हिरवं असेल तर समज."

चांदी जमिनीखाली काळवंडते, सगळीकडून सारखी.
मुलामा फोड येऊन सुटतो,
कडेला आधी, जिथं अंग घासतं तिथं,
आणि आतून पिवळं डोकावतं.
पितळ उघडं पडलं, असं आपण म्हणतो
ते माणसांबद्दल.
इथं ते नुसतंच पडतं,
चिखलासकट, माझ्या तळहातावर.

लोहचुंबक फक्त लोखंडाची चहाडी करतं,
पितळेबद्दल चकार शब्द नाही.
भिंग लावून सिंह शोधायचा,
तीळभर, एक पंजा उचलून चालणारा,
आणि शेजारी बर्मिंगहॅमचा नांगर.
जहाजाचा. शेताचा नव्हे.
त्या अख्ख्या रानात हे हसू कळणारी मी एकटी,
कारण तो नांगर वर आणला होता
नांगरानंच.

तर त्या दिवशी दोन वस्तू मिळाल्या:
सिंहाचं एक कडं,
आणि सिंह नसलेली एक अंगठी.
रान थर्ल्बींचं, निम्मा वाटा त्यांचा,
म्हणून स्वयंपाकघरात चहा,
आणि क्लिफर्डची शेवटची परीक्षा:
बशीत दोन्ही, दोन्हींवर बर्फाचा खडा.
चांदी बर्फाला थारा देत नाही.
कड्यावरचा खडा बघता बघता बसला.
अंगठीवरचा तसाच, ऐटीत.

मिसेस थर्ल्बींनी तो बाजूला सारला.
"ही माझी," म्हणाल्या.
"अठ्ठ्याहत्तर साली, बीट खुरपताना गेली.
रॉयनं स्केगनेसच्या बाजारात घेतली होती,
चांदीची म्हणून."

क्लिफर्ड आपले बूट बघू लागला.
माझ्या जिभेवर नाव तयार होतं,
जर्मन सिल्व्हर,
ज्यात चांदी गुंजभरही नसते
आणि ज्याची तबकं नि अत्तरदाण्या
आमच्या लग्नांत आहेर म्हणून येतात.
माझ्या माळ्यावर अजून तीन आहेत.
मी तोंड उघडलं.

"ठाऊक आहे गं," त्या म्हणाल्या.
"पहिल्याच जुलैत बोट हिरवं झालं होतं.
रॉयनं विचारलं, तर म्हटलं, वाटाणे सोलत होते.
मग दर उन्हाळ्यात वाटाणे. अकरा वर्षं."

अंगठी पेरापाशी अडली.
त्यांनी सिंकजवळ जाऊन साबण लावला,
तरी अडली. तशीच ठेवली,
अर्ध्या बोटात.
कड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.
"विकलंत की सांगा," एवढंच.

मागचं दार वाजलं. रॉय थर्ल्बी,
हातात टोपी, बुटांना पसाभर माती.
बशी पाहिली, बर्फ पाहिला,
बायकोचा ओला हात पाहिला, बराच वेळ.
आमच्याकडे मात्र नाही.

"वाटाणे झाले का सोलून?"
त्यानं विचारलं.

ऑक्टोबर संपत आला होता.