ओहोटीचं वेळापत्रक

बंब आला तो जर्मनीतून, तेवीस वर्षं वापरलेला.
त्याची बटणं अजून जर्मनच बोलतात.
एदेलमिरा ओयार्सोने प्रत्येकाशेजारी
लाल नेलपॉलिशने स्पॅनिश लिहून ठेवलंय:
ओढ. सोड. थांब.
एका खटक्याचा अर्थ कुणालाच लागला नाही.
त्याच्यापुढे तिने नुसतं लिहिलं, नको.

चिलोए बेटावरचं हे गाव लाकडाचं.
भिंती लाकडाच्या, भिंतींवरचे खवले लाकडाचे,
चर्चचे तर खिळेसुद्धा.
आणि काठावरची घरं खांबांवर उभी,
लुगडं वर खोचून पाण्यात उतरल्यासारखी.
अशा गावाला समुद्र म्हणजे न आटणारी टाकी,
असं सगळेच धरून चालतात.

मे महिन्यातली थंडी.
बेलार्मिनो बार्रियाच्या चुलीचं धुराडं
काजळीने चोंदलेलं, तापत तापत लाल झालं,
आणि छताने ते मनावर घेतलं.
भोंगा झाला तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं.
पायजम्यावरच गमबूट चढवून निघाले
सुतार, शाळामास्तर, शिंपले विकणारा काइकेन.
पगार कुणालाच नाही.
उलट दरमहा वर्गणी भरतात,
आगीत शिरायची.

पाच मिनिटांत बंब दारात.
टाकीत तीन हजार लिटर,
म्हणजे पुऱ्या धारेची सहा मिनिटं.
सहा मिनिटं आग जराशी विचारात पडली,
मग पुन्हा कामाला लागली.
"समुद्र घ्या!" एदेलमिरा ओरडली.
दोघांनी ती जाड, वाकता न वाकणारी शोषनळी
कठड्यावरून खाली सोडली.
धप्प.

पाण्याचा आवाज असा नसतो.

टॉर्चच्या उजेडात गाळ,
एक टायर, कलंडलेली होडी, बावरलेले खेकडे,
आणि पाणी ऐंशी मीटर लांब, काळं,
कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखं.
आग रामेश्वरी नव्हती, बंब सोमेश्वरी नव्हता,
दोघं एकाच गल्लीत, समोरासमोर.
सोमेश्वरी गेला होता समुद्र.

मग काइकेनला ती होडी दिसली.
बंबाच्या पोटातला छोटा पंप त्यांनी तिच्यात ठेवला
आणि गाळावरून ओढायला लागले.
या गावाने मिंगा घालून
अख्खी घरं ओढून नेलीत, खिडकीतल्या कुंड्यांसकट;
ओढणं त्यांना शिकवावं लागत नाही.
कुणीतरी आकडा म्हणे, बाकीचे दम लावत.
मास्तरांचा एक बूट गाळाने ठेवून घेतला
तो अजून दिला नाही.
साठ मीटरवर दोरी तुटली.
उरलेले वीस मीटर पंप खांद्यावर.

पहिली धार आली ती चिखलाची,
मग शेवाळ,
मग खारं, गार, भरघोस पाणी.

तोवर बार्रियाचं घर गेलं होतं,
शेजारचंही.
तिसरं राहिलं.
बेलार्मिनो रस्त्यात खुर्चीवर बसून होता,
मांडीवर किटली घेऊन.
ती एवढी एकच वस्तू त्याने बाहेर आणली होती,
आणि का आणली ते त्याला सांगता येईना.

नऊ वाजता भरती आली.
अगदी वेळेवर.
जळक्या खांबांपाशी चुळबुळत राहिली.

बंबाच्या काचेला औषधाच्या दुकानातलं
भरती-ओहोटीचं कॅलेंडर चिकटवलेलं असतं,
मासेमारीला जाणाऱ्या भावाकडून एदेलमिराने आणलेलं.
त्यावर आता तिने लाल पेन्सिलीने
वर्षभराच्या सगळ्या ओहोट्या गोल केल्यात.
रोज दोन गोल.
त्या तासांत गाव जळायला मोकळं.
मास्तर म्हणाले, हे लोकांना सांगायचं का?
ती म्हणाली, धुराडी साफ करायला सांगू.

दुपारी ती एकटीच ठाण्यात.
नळ्या मनोऱ्यात वाळत टांगलेल्या,
खालच्या बादलीत टपटप.
समुद्र पितळ खातो, म्हणून पंपातून
गोडं पाणी सोडायचं, पुन्हा सोडायचं,
आणि बाहेर येणाऱ्या धारेला बोट लावून
जिभेवर ठेवायचं.
मोजायचं यंत्र आहे, पण त्याचा सेल संपलाय.

चौथ्यांदा तिने बोट चाखलं.
अजून खारट.
नळ पुन्हा उघडला.