फुगलेलं दार

फतेहगंजच्या चर्चचं मागचं दार
जुलैत फुगतं.
शांतवनमामा रंधा घेऊन येतात,
कानावर पेन्सिल,
प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त.

मी विचारलं, मामा,
एका पानावर म्हणतात, ठोठावलं की उघडतं.
पुढे एकानं तीनदा विनवलं, काटा काढ,
तर काटा अंगातच राहिला.
आणि तो स्वतः?
बागेत, रात्री, घामाघूम होऊन म्हणाला
हा प्याला नको.
प्यावा लागलाच ना?

मामा ढलप्या फुंकत राहिले.
एस्थरच्या डायलिसिसला दीड वर्ष झालं,
मंगळवार, शुक्रवार.
ते काय मागतात मला ठाऊक आहे,
आम्ही एकाच बाकापाशी गुडघे टेकतो.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"सुताराच्या घरचा होता तो, पोरी.
दाराबद्दल बोलला तेव्हा
लाकूड त्याला माहीत होतं."

हे उत्तर होतं का,
मला अजून कळलेलं नाही.

दार तसंही नीट बसलं नाही.
खाली बोटभर फट राहिली.
रविवारी, उपदेश चालू असताना,
तिथून सेव-उसळच्या गाडीचा वास
आत येत होता,
आणि एस्थरनं, कितीतरी दिवसांनी,
भूक लागलीय म्हटलं.
तिला तिखट चालत नाही.